मूळ प्रत

विष्णुपुरीला, विद्यापीठाच्या गेटसमोर
झेरॉक्सचे तीन गाळे आहेत,
त्यातल्या मधल्यात मी असतो.
मशीन मालकाचं, बोटं माझी.
पानाला दोन रुपये, पाठपोट तीन.

जूनमध्ये रांग लागते.
टीसी, गॅप सर्टिफिकेट, नॉन-क्रिमिलेअर,
पुन्हा तीच टीसी.
मी काचेवर पोरांचे फोटो पालथे घालतो,
खालून उजेड सरकत जातो,
कुणी डोळे मिटत नाही.

काल कळमनुरीची एक पोरगी आली. अश्लेषा.
फॉर्मवर केमिस्ट्री होतं, म्हणून हात थांबला.
म्हणाली, दादा, तुम्ही पण यातच केलंय म्हणे.
मग खरं सांगा, परवडतं का?

मी टोनर काढून हलवत बसलो.

हिशोब येत नाही असं नाही.
पाच वर्षं. तिघांत एक खोली, माझ्या वाट्याला सातशे.
मेस अठराशे, रविवारी रात्री बंद.
प्रॅक्टिकलची फी, परीक्षेची फी, लेट फी,
लेट फीवर सुपर लेट फी.
दुसऱ्या पारड्यात वसमतची हळद:
माय तिथं आडतीत निवडायला जायची,
कांडी एकीकडं, गट्टू एकीकडं,
रोज दीडशे, पुढं दोनशे.
माझं एक सेमिस्टर म्हणजे तिची किती पोती
हे एकदा काढायला बसलो होतो.
मधेच लाईट गेली.

डिग्री घेऊन घरी गेलो
तर ती नुकतीच आली होती.
हात धुवायच्या आधीच म्हणाली, दाव.
आता आईचं नावही छापतात. मी वाचलं, द्रौपदी.
"ही कोन?"
"तूच की. पहिलीत गुरुजींनी धुरपताचं द्रौपदी केलं."
"कामून?"
मग जरा थांबून, "बरं, कुठंय ती?"
मी जागा दाखवली. तिनं बोट ठेवलं.
उचललं, तर अक्षरांवर पिवळा ठसा.

घाबरून तिनं पदराचं टोक ओलं केलं,
साबणावर घासलं, हलकंच पुसलं,
आणि डाग लाल झाला.
ती रडायला लागली. मला हसू फुटलं,
कारण हे मला येत होतं.
साबण म्हणजे क्षार, हळद त्यात रंग बदलते,
लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी.
करून दाखवलं. डिग्रीवर नाही,
तिच्या तळहातावर.
लाल, पिवळा, लाल, पिवळा.
"अजून एकदा कर," ती म्हणाली.
मी आजवर घेतलेला तो एकच तास.

चार दिवसांत डाग आपोआप पिवळा झाला.
एका कॉलेजात मुलाखतीला गेलो,
क्लार्कनं मूळ प्रत खिडकीशी धरली.
हा डाग कसला?
हळद.
लग्नाची?
मग आत बोलावलं. आतल्यांनी आकडा सांगितला.

तेव्हापासून स्वतःच्या डिग्रीच्या
पन्नासेक प्रती मीच काढल्या असतील,
मालक नसताना, फुकट.
झेरॉक्समध्ये पिवळं उमटत नाही.
प्रत्येक कागदावर द्रौपदी स्वच्छ, काळीभोर,
जणू तिला कुणी कधी हात लावलेला नाही.

"दादा?"
पोरगी उभीच होती. बावीस रुपये झाले होते,
तिनं पंचवीस दिले, तीन सुटे माझ्याकडं नव्हते.
म्हणाली, राहू द्या,
त्यात बारावीच्या मेमोला लॅमिनेशन होईल का?
"नको करू," मी म्हणालो. "उघडाच ठेव."

"कामून?"

मागून कुणीतरी आधार कार्ड पुढं केलं,
दोन्ही बाजू, एका पानावर.